आत्याचे रविवार

आत्या आयुष्यात कधी सहलीला गेली नव्हती. शाळेची सहल निघायची तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ असायचा, आणि भाऊ कडेवरून उतरला तोवर तिची शाळा सुटली होती. पुढे लग्न झालं, ते मोडलं, आणि ती एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली. ओल्या चादरी गरम रुळाखाली सरकवायच्या, पलीकडून निघाल्या की दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या, थप्प्या लावायच्या. घर ते हॉस्पिटल या बसच्या रस्त्यापलीकडचं गाव तिनं धड पाहिलंही नव्हतं. अशा बाईवर चाळिशी उलटल्यावर दर रविवारी दोन मुलींना कुठेतरी फिरायला न्यायची वेळ आली.

मुली तिच्या त्या भावाच्याच. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार. एका रविवारी दुपारी भावानं त्यांच्या आईला मारलं. मारलं म्हणजे जिवानिशी मारलं. त्याला जन्मठेप झाली. मुलींच्या मामाकडे दोन खोल्या, त्यात त्याची माणसं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. "ताई, मी नेल्या असत्या हो, पण..." असं म्हणून तो जो गप्प झाला, तो त्या 'पण'च्या पुढे गेलाच नाही. आत्या मुलींना घेऊन आली. एक खोली, एक ओटा, गॅलरीत न्हाणीघर. धाकटीला सांगितलं, आई आजारानं गेली आणि बाबा लांब कामाला आहेत. थोरलीला काही सांगावं लागलं नाही. दोघी त्या दिवशी घरातच होत्या, पण काय झालं ते कळण्याएवढी मोठी हीच होती.

सोमवार ते शनिवार दिवस कसेबसे ढकलले जायचे. शाळा, अभ्यास, नळाचं पाणी. रविवारी जेवणं झाली की थोरली उठून दाराशी जाऊन बसायची. पाठ दाराला टेकलेली, एका मुठीत धाकटीच्या फ्रॉकचं टोक. हाक मारली तर ओ नाही, पाणी दिलं तर घोट नाही. संध्याकाळ होईपर्यंत तशीच. धाकटी रडून रडून तिथंच झोपायची. आत्याला काही सुचायचं नाही. भांडी घासत ती त्या पोरीकडे चोरून बघायची.

शेवटी हॉस्पिटलातल्याच, मुलांच्या मनावर इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तिनं गाठलं. बाईंनी थोरलीला काही दिवस बोलावून घेतलं, चित्रं काढायला लावली, आणि मग आत्याला म्हणाल्या, "रविवारी यांना घरात ठेवू नका. बाहेर न्या. कुठे जायचं, काय करायचं, परत कधी यायचं, सगळं हिला आधी सांगायचं. आणि सांगितलं तसंच घडलं पाहिजे. हिला औषध लागू पडलं तर हेच पडेल."

"बाहेर म्हणजे कुठे हो?" आत्यानं विचारलं.

"ते तुम्ही शोधा," बाई म्हणाल्या.

लाँड्रीत चादरीचं दुसरं टोक धरायला जी बाई असायची तिला सगळे 'बातमी' म्हणायचे. तिला ठाऊक नाही असं गावात काही नव्हतं, आणि एकदा तिला ठाऊक झालं की मग ते ठाऊक नाही असं कोणी राहायचं नाही. आत्यानं तिला विचारलं.

"अगं, तलावावर ने की!" बातमी म्हणाली. "बदकं आहेत, नावा आहेत, वारा कसा भन्नाट."

आत्यानं भर उन्हाळ्यातल्या दुपारी मुलींना तलावावर नेलं. वारा होता, पण भट्टीतून आल्यासारखा. झाड एक नाही. बदकं कुठेतरी पलीकडच्या काठाला सावलीत जाऊन बसलेली. नावा उलट्या घालून ठेवलेल्या. बरोबर नेलेलं पाणी संपलं, धाकटीची चप्पल तुटली आणि तापलेल्या फरशीवर तिचा पाय पोळला. बस मिळेपर्यंत तिनं रडून उच्छाद मांडला. घराच्या जिन्यावर थोरलीनं एवढंच म्हटलं, "तू बदकं असतील म्हणाली होतीस."

हे आत्याच्या फार जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला. पुढच्या रविवारी जिथे जायचं ती जागा आधी आपण जाऊन बघायची. लाँड्रीतून सुटली की ती घरी यायच्या ऐवजी उलट्या बाजूची बस धरायची. मुली शेजारच्या म्हातारीकडे असायच्या. आत्या बागेच्या फाटकाशी उभी राहून विचारायची, रविवारी चालू असते का, बायकांचा संडास कुठे, त्याला कडी आहे का, नळाला पाणी येतं का. दुपारी सावली कोणत्या बाकावर येते ते एका माळ्याला विचारलं, तर त्याला वाटलं बाई कोणाला तरी चोरून भेटणार आहे. त्यानं तिला डोळा मारला. आत्या एरवी हसली नसती, पण त्या दिवशी बसमध्ये बसून एकटीच हसली.

हळूहळू तिला गाव कळायला लागलं. उन्हाळ्यात कालव्याकाठची जुनी झाडं, नाहीतर वाचनालयाचा मुलांचा कक्ष. तिथे पंखे असतात आणि कोणी उठवत नाही. पावसाळ्यात काचेच्या टाक्यांतले मासे, कारण तिथे छत आहे आणि आत सगळे आपोआप हळू बोलतात. थंडीत टेकडी. पायऱ्या बऱ्याच होत्या, पण मधे बसायला कट्टे होते. विमानतळाच्या कुंपणाशी एक मातीचा उंचवटा होता, तिथे पोटावर पडलं की विमान डोक्यावरून जायचं. एकदा रोपवाटिकेत नेलं, तिथल्या माणसानं दोघींना एकेक कुंडी भरू दिली. पिशवी ठरलेली: डबा, उकडलेली अंडी, केळी, धाकटीसाठी कोरडे कपडे, पायाला लावायच्या पट्ट्या. पाणी लागेल त्याच्या दुप्पट.

शनिवारी संध्याकाळी ती थोरलीसमोर बसून सगळं सांगायची, आणि थोरली उलटतपासणी घ्यायची.

"बस कुठे बदलायची?"

"पुलाखाली."

"गर्दी असेल?"

"जाताना नाही. येताना असेल, तेव्हा आपण मागच्या दाराशी उभं राहायचं."

"तिथे भिंत आहे का कुंपण?"

"कुंपण. तारेचं. बाहेरचं दिसतं."

"दारं किती?"

"दोन. एक बंद असतं."

"मोठ्यानं ओरडणारी माणसं?"

"एक फुगेवाला आहे. तो ओरडतो, पण फुगे म्हणूनच ओरडतो."

यावर एकदा थोरली हसली. दात दिसण्याइतकी नाही, ओठांचा एक कोपरा हलला. आत्यानं ते बघितलं आणि पटकन उठून ओट्याकडे गेली.

दीड-एक वर्षात पोरगी बदलली. बुधवारपासून विचारायला लागली, "या रविवारी कुठे?" मग स्वतःच सुचवायला लागली. दाराशी बसणं बंद झालं. एकदा बसमध्ये धाकटी किरकिर करत होती, खरंच मासे असतील का म्हणून, तर थोरली तिला म्हणाली, "आत्यानं सांगितलं की तसंच असतं." आत्या पुढच्या सीटवर होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. एवढी मोठी शाबासकी तिला जन्मात कोणी दिली नव्हती.

आता दुसरी बाजू. महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी, आत्या लाँड्रीतून अर्धी सुट्टी काढून तुरुंगात जायची. मुलींना ठाऊक नव्हतं, बातमीलाही नव्हतं. जाळीच्या पलीकडे भाऊ उभा असायचा. ती त्याला अजून लहानपणच्या नावानंच हाक मारायची, छोट्या. त्यानं जे केलं त्याचं तिच्याकडे एक उत्तर होतं आणि ते तिनं स्वतःला इतक्या वेळा दिलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं: राग आला, एक क्षण आला, तोल गेला. तिनं न्हाऊ-माखू घातलेला पोर तो. तो मुळातच तसा आहे, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. भावजय कधीकधी लांब बाह्या घालून यायची, उन्हाळ्यातसुद्धा, हे तिला आठवायचं. पण ते आठवलं की ती दुसऱ्या कशाचा तरी विचार करायची.

भावाचं एकच टुमणं होतं. "पोरींना आण."

"डॉक्टरीणबाई नाही म्हणतात. मुली आपणहून म्हणेपर्यंत नाही."

"डॉक्टरीण कोण माझ्या पोरींची? तू आण." मग आवाज उतरायचा. "लांबून दाखव गं. एकदा."

वर्षभर ती नाही म्हणत राहिली. मग थंडीच्या सुरुवातीला त्यानं सांगितलं, की त्याला दूरच्या तुरुंगात हलवणार आहेत, आगगाडीनं दीड दिवसाच्या वाटेवर. आणि त्याआधी एका रविवारी, वर्षातून एकदाच असतो तसा, मुलांना आत बापाजवळ बसू द्यायचा दिवस आहे. जाळी नाही, काही नाही. तो जाळीला कपाळ टेकून रडला. "ताई, तू मला आईसारखी. ह्यानंतर मी मेलो काय न् जगलो काय." त्याचे खांदे गळालेले, मानेची हाडं वर आलेली. आत्या विरघळली. ती हो म्हणाली.

तुरुंगासमोरच्या रस्त्यापलीकडे नदीकाठी एक बाग होती. आत्या बुधवारी जाऊन ती बघून आली, नेहमीसारखी. शनिवारी संध्याकाळी थोरलीसमोर बसली.

"नदीकाठची बाग. झोके आहेत, घसरगुंडी आहे, एक मोडकी बोट आहे तिच्यात चढता येतं. डबा तिथेच खायचा."

"दारं किती?"

"एक."

"मग परत?"

आत्यानं पिशवीची नाडी ओढली. "मग परत," ती म्हणाली.

रविवार छान उजाडला. कोवळं ऊन, नदीवर धुकं. धाकटीनं मोडक्या बोटीत बसून सगळ्यांना तिकिटं वाटली. थोरली झोक्यावर उभी राहून इतकी उंच गेली की आत्या ओरडली, "अगं पुरे!" डबा झाला. हात धुतले. मग आत्या म्हणाली, "चला, आता जरा समोर जाऊन येऊ. एकांना भेटायचंय."

"कोणाला?" थोरलीनं विचारलं.

"चल तर."

"कोणाला, आत्या? तू हे काल सांगितलं नव्हतंस."

"माझ्या ओळखीचे एक आहेत. पाच मिनिटांचं काम."

थोरली चालली. इतक्या रविवारांची सवय तिला चालवत होती. मोठ्या फाटकातलं छोटं दार, तिथे पिशवी ठेवून घेतली, हातावर शिक्का मारला. थोरलीनं शिक्क्याकडे बघितलं, उंच भिंतीकडे बघितलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. पण तोवर मागून आणखी बाया-पोरं आली होती आणि सगळ्यांना आत सरकवलं जात होतं.

आत एक मोठी खोली, खाली सतरंज्या. भाऊ भिंतीपाशी बसला होता. दाढी केलेली, केस भांग पाडून बसवलेले. धाकटीनं त्याला ओळखलं नाही. त्याच्या हातात कागदाचा केलेला पक्षी होता, तो बघून ती गेली आणि सरळ त्याच्या मांडीवर बसली. तो तिच्या केसांचा वास घेत डोळे मिटून बसला. क्षणभर आत्याला वाटलं, केलं ते बरंच केलं.

थोरली दारातच थांबली होती. मग ती सावकाश पुढे आली. त्याच्याकडे तिनं बघितलंच नाही. ती धाकटीला म्हणाली, "ऊठ. चप्पल घाल."

"काय गं," भाऊ हसून म्हणाला, "बाबाला विसरलीस?"

"चप्पल घाल," थोरली पुन्हा म्हणाली. आवाज अगदी सपाट. त्या दिवशीही तिनं हेच केलं होतं. आतल्या खोलीतला आवाज थांबल्यावर तिनं धाकटीला चप्पल घातली होती आणि दोघी जिन्यात जाऊन बसल्या होत्या. शेजाऱ्यांना त्या तिथे सापडल्या. आत्यानं हे कोर्टात ऐकलं होतं आणि ऐकून मागे टाकलं होतं.

धाकटी गोंधळून उठायला लागली. भावाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी गेलं. त्यानं हात पुढे करून थोरलीचं मनगट धरलं. "मी बोलतोय ना तुझ्याशी? इकडे बघ. बापाशी असं वागतात?" मग बहिणीकडे वळून, "हेच शिकवलंस काय हिला?"

आत्या त्या हाताकडे बघत होती. बोटांची पेरं पांढरी झाली होती. तो ओरडत नव्हता, रागानं थरथरत नव्हता. तोल वगैरे काही गेलेला नव्हता. मनगट कुठे धरलं की हलता येत नाही, हे त्या हाताला सरावानं ठाऊक होतं. आणि ती पोरगीही हात सोडवून घेत नव्हती, कारण सोडवायला गेलं की काय होतं ते तिनं बघितलेलं होतं.

"सोड, छोट्या."

"तू मधे पडू नकोस."

"सोड म्हणते ना!" आत्यानं खाली वाकून त्याचं एकेक बोट उचकटलं. पहारेकरी धावत आला. भाऊ हात वर करून मागे सरकला आणि लगेच रडायला लागला. आत्याच्या कानावर ते रडणं पडत होतं, पण आत जात नव्हतं. थोरलीच्या फ्रॉकखालून सतरंजीवर ओल पसरली होती. आत्यानं आपली ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि दोघींना घेऊन बाहेर आली.

बसमध्ये थोरली खिडकीकडे तोंड करून बसली. घरी गेल्यावर आत्या तिच्यासमोर बसली. "माझं चुकलं," म्हणाली. "मी तुझ्याशी खोटं बोलले." पोरीनं ऐकून घेतलं आणि उठून अभ्यासाची वही काढली. जेवताना धाकटीनं विचारलं, "तो काका स्वतःला बाबा का म्हणत होता?"

आत्या तोंड उघडणार तोच थोरली बोलली. "तो बाबा. त्यानं आईला मारून टाकलं. आई आजारी नव्हती." आणि तिनं पुढचा घास घेतला.

पुढच्या रविवारी ती दाराशी बसली नाही. गादीवर पडून राहिली. आत्या रोपवाटिकेचं बोलली, टेकडीचं बोलली. थोरलीनं एकही प्रश्न विचारला नाही. तिचे प्रश्न संपले हे आत्याला सगळ्यात वाईट वाटलं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तिनं सगळं ओकून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. मग म्हणाल्या, "तिचा भरवसा बसेल की नाही, मी सांगू शकत नाही. तुम्ही मात्र खोटं बोलू नका आता, एवढंच."

शाळेच्या ऑफिसातून थोरलीनंच मामाला फोन केला. मामा आला. त्याची सासू मधल्या काळात वारली होती, एक कोपरा रिकामा झाला होता. त्यानं आत्याला बोल लावला नाही, पण तिनं पुढे केलेला चहाही घेतला नाही. "ताई, मुली मी नेतो," म्हणाला. या वेळी 'पण' नव्हता. आत्या 'नको' म्हणू शकली असती, मुलींच्या ताब्याचे कागद तिच्या बाजूनं होते. तिनं थोरलीकडे बघितलं. तिची पिशवी भरून झाली होती आणि पायात बूट होते. धाकटीनं आत्याचा पाय धरून आकांत केला. तिला सोडवावं लागलं.

भाऊ दूर हलवला गेला. तिथून निरोप आले, एका सुटून आलेल्या कैद्याबरोबर एकदा चिठ्ठीही आली. आत्या गेली नाही. रविवारची सुट्टी तिनं सोडून दिली. त्या दिवशी लाँड्रीत माणसं कमीच असतात. बातमीला कुठून तरी सगळं समजलं होतं. चादरीचं टोक धरून ती नेहमीसारखी बडबडायची, पण आत्याला मुलींबद्दल तिनं कधी काही विचारलं नाही. तेवढी माणुसकी तिच्यात होती.

वर्षभरानं मामानं आपण होऊन फोन केला. धाकटी फार आठवण काढते म्हणाला, एखादा दिवस न्या. थोरली यायची नाही. आत्या गुरुवारी जाऊन तलाव बघून आली. थंडीचे दिवस, बदकं अलीकडच्या काठाला होती. रविवारी सुट्टी घेऊन ती मामाच्या दारात गेली. थोरली आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. धाकटीच्या केसांना मात्र नीट वेणी घातलेली होती आणि ती मामीच्या हातची वाटत नव्हती.

तलावावर धाकटीनं बदकांना बिस्किटं चुरून घातली, एकाला मुद्दाम जास्त. मग ती आत्यापाशी येऊन बाकावर बसली, पाय हलवत.

"आत्या, तू त्याला अजून भेटायला जातेस?"

"नाही."

"ताईनं विचारायला सांगितलंय."

"नाही जात, बाळा."

"तोंडाकडे बघून विचार म्हणाली." आणि ती खरंच वळून आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली, भुवया आक्रसून, एखादं गणित तपासावं तशी. आत्यानं तोंड फिरवलं नाही. तिचे डोळे भरून वाहायला लागले तरी तिनं ते पुसले नाहीत. पोरीला नीट बघू दिलं.

"बरं," धाकटी शेवटी म्हणाली. "केळं आहे?"

अंधार पडायच्या आत, ठरल्याप्रमाणे, आत्यानं तिला परत पोहोचवलं. मामीनं दार उघडलं. धाकटी चपला भिरकावून आतल्या खोलीत पळाली आणि आत दोघींचं कुजबुजणं सुरू झालं. आत्या दारात थोडी रेंगाळली. धाकटीनं बहिणीला काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही. मामी म्हणाली, "बसा ना," पण बसची वेळ झाली होती, म्हणून ती जिना उतरली.